पिवळं फडकं

आष्टीत नगरच्या रस्त्याला गुंडप्पाची खव्याची भट्टी होती. पाटीवर नाव गुंडप्पाचं, पण गाव तिला म्हणायचं गंगासागरअक्काची भट्टी. गुंडप्पाला त्याचं कधी काही वाटलं नाही. तो जाळ घालायचा, कढईत उलथनं फिरवायचा, आणि खव्याचा गोळा परातीत पडला की हात पुसत बायकोकडं बघायचा. गंगासागर चिमूटभर खवा डाव्या तळहातावर घ्यायची, उजव्या अंगठ्यानं दोनदा रगडायची, तळहात नाकाशी न्यायची आणि डोळे मिटायची. डोळे उघडून "जाऊ द्या" म्हणाली, की गोळा टोपलीत. "ऱ्हाऊ द्या" म्हणाली, की गोळा बाजूला. मग त्यावर कुणी हुज्जत घालायची नाही.

तिच्या नाकाचे किस्से बसस्टँडपर्यंत पोचलेले. कुणाच्या म्हशीनं लिंबाचा पाला खाल्लाय, कुणाची दुधाची चरवी कांद्याच्या पाटीशेजारी ठेवली होती, हे ती दुधावरून सांगायची. एकदा माळावरच्या वस्तीचा आश्रुबा दूध घेऊन आला, तर ती त्याच्या बायकोचं नाव घेऊन म्हणाली, "दादा, सिंधूबाईला सांगा, चरवी राखंनं घासत जा. काल मातीनं घासलीय." आश्रुबानं कानाला हात लावले. "अक्का, मी घरात व्हतो तरी मला ठाऊक न्हाई, आन् तुमाला हितं बसून कळालं!"

नगरला मोहनरावांचं पेढ्याचं दुकान होतं. दुसऱ्या भट्ट्यांचा खवा ते चाखून, तव्यावर तापवून घेत. अक्काची टोपली एसटीच्या टपावरून उतरली की सरळ कढईत उलटी व्हायची. बावीस वर्षं हे असंच चाललेलं. त्या एका विश्वासावर भट्टी उभी होती, आणि भट्टीला दूध घालणारी बारा घरंही.

एकोणीसशे नव्व्याण्णव सालच्या शिवरात्रीला गंगासागर तापली. सात दिवस अंथरुणात होती. उठली, न्हाली, देव्हाऱ्यात लिंगापुढं उदबत्ती लावली, तर वास नाही. उदबत्तीवाल्यानं फसवलं म्हणून तिनं दोन शिव्या घातल्या. मग फोडणीला हिंगाची डबी उघडली. पुन्हा उघडली. डबी पालथी करून हिंग तळहातावर घेतला. मग ती उठून कोपऱ्यातल्या घासलेटच्या डब्यापाशी गेली, झाकण काढून वाकली, आणि तशीच वाकून राहिली.

तिनं कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर ती पूर्वीसारखीच बसली. चिमूट घेतली, रगडली, डोळे मिटले. नाकाशी आणलेला तळहात नुसताच तळहात होता. रंग बघून, दाणा चाचपून, हाताला किती तूप सुटतंय यावरून तिनं अंदाज बांधला आणि म्हणाली, "जाऊ द्या." जन्मात पहिल्यांदा ती हे भीत भीत म्हणाली.

त्याच उन्हाळ्यात तिच्या लेकीचं, वर्षाराणीचं लग्न निघालं. लग्नाच्या महिनाभर आधी, बस्त्याला, पुण्याहून बहिणीचा मुलगा मृत्युंजय आला. शिकलेला पोरगा, भोसरीला पॅकिंगचं सामान करणाऱ्या कंपनीत नोकरीला. आहेराच्या साडीबरोबर त्यानं पिशवीतून एक गुंडाळी काढली. तिच्यावर रुपयाएवढ्या गोल चिकटपट्ट्या, प्रत्येकीच्या मधोमध पांढरा ठिपका.

"मावशी, ही टोपलीवर लावायची. माल उन्हात राहिला, फार तास झाले, तर हा ठिपका जांभळा होत जातो. पूर्ण जांभळा झाला की माल वापरायचा नाही. दुकानदाराला उघडून बघायला नको, चाखायला नको. परदेशात मासळीला, दुधाला लावतात. आमचे साहेब म्हणतात, आता बाजार खुला झालाय, इथंही हे येणार. खव्यावर चाचणी घ्यायचीय."

गुंडप्पानं एक पट्टी उलटसुलट करून बघितली. "म्हंजे ही टिकली घाम आला की रंग बदलती व्हय?"

"तसंच काहीसं, काका."

"मग लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या बापाला लाव एक. कवा तापतोय ते लांबून कळंल."

सगळे हसले आणि मग चोरून गंगासागरकडं बघायला लागले. बावीस वर्षं जिच्या नाकावर धंदा चालला, तिच्या पुढ्यात कागदाची टिकली ठेवायची म्हणजे काय! पण ती म्हणाली, "लाव बाबा. समद्या टोपल्यांला लाव." इतक्या लगबगीनं म्हणाली, की गुंडप्पानं मान वर करून तिच्याकडं बघितलं.

तीन आठवडे टोपल्या टिकली लावून नगरला गेल्या. मोहनराव फोनवर सांगायचे, ठिपका पांढरा आहे. गंगासागरला त्या दिवसांत झोप लागायला लागली होती. आपलं नाक गेलं, पण आपल्या जागी काहीतरी बसलंय असं तिला वाटायचं.

मग एके दिवशी एसटीडीच्या बूथवरून निरोप आला. गंगासागर पदर खोचून धावत गेली.

"अक्का," मोहनराव म्हणाले, "कालच्या खव्याला साबणासारखा वास होता. वरच्या गोळ्यांना. मी म्हटलं, टोपली कुठं साबणाच्या पोत्याशेजारी ठेवली असेल."

"टिकली?"

"टिकली पांढरीफेक. म्हणून तर कोड्यात पडलोय."

चार दिवसांनी पुन्हा तोच निरोप. या वेळी आवाज उतरलेला. "अक्का, तुमचं नाक असताना हे कसं होतं? गिऱ्हाईक माझ्या तोंडावर पेढा फेकून गेलं. अजून एकदा झालं तर मला दुसरी भट्टी बघावी लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

तिनं फोन ठेवला. बूथवाल्यानं विचारलं, "अक्का, खबर बरी हाय न्हवं?" ती उन्हात चालू लागली.

पुढच्या दोन दिवसांत लग्न पार पडलं. घर पसरलेलं, धुण्याचे ढीग पडलेले. खवा गुंडाळायला मांजरपाटाची धुतलेली फडकी लागायची, ओली करून पिळलेली. त्या सकाळी एकही धुतलेलं सापडेना आणि एसटीची वेळ झालेली. दांडीवर वर्षाराणीच्या हळदीला अंथरलेलं मांजरपाट वाळत होतं. साध्या पाण्यात दोनदा खळबळून काढलं तरी पिवळंधमक. गंगासागरनं ते ओढलं. हळद काय, खायचीच वस्तू. फाडून दोन तुकडे केले, पाण्यात बुडवले, पिळले आणि खवा गुंडाळून टोपली दिली.

दुसऱ्या दिवशी ती टोपली परत आली, भरलीच्या भरली. कंडक्टरनं चिठ्ठी हातात दिली. मोहनरावांनी लिहिलं होतं : *खव्यावर लग्नातलं कुंकू सांडलं आहे. वासही तोच. अशानं कसं व्हायचं?*

गुंडप्पानं फडकं सोडलं. पिवळ्या कापडावर खरंच तांबडे डाग होते, विटकरीसारखे, तळहाताएवढे. त्यानं नखानं खरवडलं.

"कुंकू न्हाई हे. भुकटी लागंना हाताला. आन् कुंकू कावून सांडंल? करंडा देव्हाऱ्यातनं हाललाबी न्हाई."

"शकुन बरा न्हाई," जाळाशी बसलेली म्हातारी मजुरीण पुटपुटली.

गंगासागर वाकून बघत होती. डाग वरच्या फडक्यालाच. खालचं फडकं कोवळ्या उन्हासारखं पिवळं, एक ठिपका नाही. आणि तिला आठवलं. परवाच दिवशी वर्षाराणीची हळदीची साडी तिनं सोडा टाकून भिजवली, तर पाणी रक्तासारखं झालं होतं. मांडवपरतणीला आलेली नवी नवरी घाबरून ओरडली होती, तेव्हा हीच तिला म्हणाली होती, "येडे, साबण-सोडा लागला की हळद तांबडी व्हतीच. उन्हात टाक, जाईल."

ती उठली. फळीवरचा खायच्या सोड्याचा डबा काढला, चिमूटभर सोडा पाण्यात उकळला आणि खालच्या पिवळ्या फडक्यावर दोन थेंब टाकले. डोळ्यांदेखत तिथं दोन तांबड्या चांदण्या उमटल्या.

खव्यात सोडा होता.

आंबायला आलेलं दूध कढईत नासू नये म्हणून कुणी कुणी सोडा टाकतात, हे तिला ठाऊक होतं. पाच शेर दूध आटून शेरभर खवा होतो, तिथं चिमटीचीही मूठ होते. साबणाचा वास म्हणजे हाच. तिच्या नाकानं तो दारातच पकडला असता. टिकली बिचारी काय पकडणार? तिला ऊन कळतं, तास कळतात. आत काय शिजलंय हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

वरचे गोळे म्हणजे शेवटच्या कढईचे. शेवटची कढई सगळ्यात उशिरा येणाऱ्या दुधाची. ते दूध आश्रुबाचं.

गंगासागरनं सोड्याचा डबा परत फळीवर ठेवला.

भट्टी लावली त्या पहिल्या दिवशी दूध घेऊन कुणी आलं असेल, तर आश्रुबा. लिंगायताची सून भट्टीवर बसणार म्हणून गाव हसत होतं, तेव्हा हा माणूस सायकलला दोन चरव्या अडकवून अकरा किलोमीटरवरून आला होता. वर्षाराणी तापानं फणफणली, गुंडप्पा गावाला गेलेला, तेव्हा तिला सायकलच्या दांडीवर बसवून दवाखान्यात त्यानंच नेलं. वस्तीवरच्या सहा घरांचं दूध तोच गोळा करून आणायचा. आता साठी उलटलेली. चढाला सायकल हातानं ढकलायचा. पूर्वी सातला यायचा, हल्ली दहा वाजायचे.

तरी तिनं उद्यापर्यंत दम धरला. कदाचित दुसरं काही असेल.

सकाळी आश्रुबा आला. घामानं निथळत, छातीचा भाता चाललेला. तिनं त्याचं दूध कढईत ओतू दिलं नाही. लहान पातेल्यात वेगळं आटवलं, चिमूटभर खवा पिवळ्या चिंधीत घेतला आणि मूठ मिटली. थोडा वेळ ती मूठ उघडायलाच तयार होईना. उघडली तेव्हा चिंधी तांबडी झाली होती. तिनं पुन्हा मिटली.

"दादा, च्या घेऊन जावा. बाभळीखाली बसा, आलेच."

बाभळीखाली तिनं कपबशी त्याच्या हातात दिली आणि चिंधी त्याच्या गुडघ्यावर ठेवली.

"सोडा टाकताव व्हय, दादा?"

आश्रुबानं कप खाली ठेवला. चेहरा उतरेल, हात जोडेल असं तिला वाटलं होतं. पण त्यानं सुटका झाल्यासारखा मोठा श्वास सोडला.

"आज बोललाव. मी रोज वाट बघत व्हतो, अक्का."

"कसली?"

"तुमी बोलायची. होळी झाली आन् ऊन वाढलं. चढावर पाय उचलंनात, दूध फाटाय लागलं. पहिल्या दिवशी चिमूट टाकली आन् तुमच्या तोंडाकडं बघत हुबा ऱ्हायलो. म्हणलं, अक्का हुंगतील आन् चरवी अंगावर फेकतील. तुमी तळहात नाकाला लावला, माझ्याकडं बघितलं आन् म्हणलाव, जाऊ द्या." त्यानं टोपी काढून बाजूला ठेवली. "मी घरी जाऊन सिंधीला सांगितलं, अक्कांनी वळखलं, पर म्हाताऱ्याला पोटात घातलं. ती लई रडली. म्हणली, अशा बाईला फसवू नगा. मी म्हणलं, फसवीत कुठं हाय, तिला ठाऊकच हाय की. मग उन्हासंगं चिमूटबी वाढत गेली."

भट्टीवरून उलथन्याचा खरखर आवाज येत होता.

"मला ठाऊक नव्हतं, दादा," ती अखेर म्हणाली. "मला वासच येत न्हाई."

"काय?"

"नाक गेलंय माझं. शिवरात्रीच्या तापात. हिंग कळत न्हाई, घासलेट कळत न्हाई. नुसतं सोंग चाललंय."

आश्रुबा तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी ओठ हसल्यासारखे हलले. "म्हंजे मी पाय लपवीत व्हतो आन् तुमी नाक."

"व्हय."

"आन् मधल्या मधी त्या मोहनरावाचे पेढे!"

दोघं हसली. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला आणि तो तिथंच राहू दिला.

पदर खाली घेऊन ती म्हणाली, "उद्यापासनं दूध आणू नगा."

आश्रुबानं मान हलवली. टोपी उचलली, झटकली. "बराबर हाय तुमचं. माझी तक्रार न्हाई. त्या घरांला सांगतो, दुसरीकडं बघा म्हणून."

"पुरतं ऐका तरी! दूध आणू नगा, कढई घेऊन जावा. माझी पहिली कढई माळ्यावर पडलीय, ल्हान. धार काढली की तिथंच चुलीवर घाला. सिंधूबाई हलवील. दूध नासायला रस्ताच ऱ्हायचा न्हाई. तुमी नुसते गोळे आणा. दोन चरव्याचं वझं चार गोळ्यांवर येतंय. तेवढं पाय वढतील का न्हाई?"

आश्रुबा टोपी डोक्यावर घालायची विसरून हातातच धरून बसला.

ती भट्टीवर आली आणि गुंडप्पाला सगळं सांगायला लागली. नाकाशी आल्यावर अडखळली. तो उलथनं न थांबवता म्हणाला, "ठाऊक हाय मला."

"कवापासनं?"

"पाडव्याच्या आधी डाळ करपली व्हती. घरभर वास. तू शेजारी बसून तांदूळ निवडीत व्हतीस. मी गुपचूप पातेलं उतरवलं."

"मग बोललाव न्हाईत कावून?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." त्यानं कढईच्या कडेचा खवा खरवडला. "त्या सोड्याचा वास मला कळाया पायजे व्हता. पर तू हुंगतीस म्हणून मी कवा हुंगलंच न्हाई. माझंबी नाक बावीस वर्षं बसूनच हाय की."

राहिलं होतं नगर. गुंडप्पा म्हणाला, मी जातो. ती म्हणाली, नाही. दुसऱ्या दिवशी टोपली टपावर न टाकता मांडीवर घेऊन ती एसटीत बसली. टोपलीत ताज्या गोळ्यांवर पिवळं फडकं आणि बाहेरून मृत्युंजयची टिकली.

मोहनराव गल्ल्यावरून उठून आले. खुर्ची दिली. तिनं बसायच्या आधीच सांगून टाकलं. दुधात सोडा होता. मला कळला नाही, कारण मला वास येत नाही. शिवरात्रीपासून तुमच्याकडं आलेली एकही टोपली मी हुंगलेली नाही.

कारागिरांचे हात थांबले.

"कुणाच्या दुधात होता?" मोहनरावांनी विचारलं.

"भट्टी माझी, गल्लत माझी. नाव इचारू नगा. ते मिटलंय."

मग तिनं दुकानातूनच सोड्याचं उकळतं पाणी मागितलं आणि फडक्याच्या कोपऱ्यावर थेंब टाकून दाखवला. एक कारागीर म्हणाला, "आयला, आमच्या हिच्या साडीवर असंच होतं की!" मोहनरावांनी फडकं हातात घेतलं, बोटानं चाचपलं, टोपलीतला गोळा उचलून चिमूटभर तोंडात टाकला. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यादेखत तिचा खवा कुणी चाखत होतं. ती खाली फरशीकडं बघत राहिली.

"चांगला आहे," ते म्हणाले. "अक्का, तुमची टोपली मी घेईन. पण यापुढं चाखून घेईन, इतरांसारखी. रोज."

तिला ते लागलं, चेहऱ्यावर दिसलंही. मग ती म्हणाली, "चाखाच. बावीस वर्षं चाखत असता, तर मला येवढं भ्यावं लागलं नसतं."

त्या उन्हाळ्यात वरचं फडकं पिवळंच येत-जात राहिलं. मोहनराव रिकाम्या टोपलीत ते घडी घालून परत पाठवत आणि ती ते दांडीवर वाळत घाली. मृत्युंजय चाचणीचे कागद न्यायला आला, तेव्हा त्यानं त्यातला एक तुकडा, पिवळ्यात तांबडा डाग असलेला, मागून घेतला. महिन्यानं त्याचं पत्र आलं. साहेबांनी तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून टेबलावर ठेवलाय. हे संशोधन कुणाचं म्हणून विचारलं, तर मी सांगितलं, मावशीच्या धुण्याचं. टिकल्यांची गुंडाळी मात्र पावसाळ्यात संपली आणि कंपनीकडून दुसरी आली नाही.

गंगासागरचा वास काही परत आला नाही. पण ती भट्टीवर बसायची. सकाळी सातच्या सुमाराला आश्रुबाची सायकल चढावरून न थांबता यायची. तो फडक्यातला गोळा काढायचा, चिमूट आपल्या तळहातावर घ्यायचा, रगडायचा, तिच्यासारखेच डोळे मिटायचा. पहिले काही दिवस गुंडप्पा त्याला हसायचा, मग तोही वाकून नाक पुढं करायला लागला.

"सांगा," ती म्हणायची.

"धूर लागलाय थोडा," आश्रुबा म्हणायचा.

"धूर न्हाई, बोरीचं वलं लाकूड हाय ते," गुंडप्पा म्हणायचा. "मला येतोय ना वास."

"आन् त्याच्या खाली?"

दोघं पुन्हा हुंगायचे. बराच वेळ. दोन म्हातारी डोकी एका तळहातावर.

"खाली गोड हाय, अक्का. कोवळं गोड. वासरू चाटून गेल्यावर हाताला येतंय ना, तसं."

गंगासागर डोळे मिटून ऐकायची. मग डोळे उघडून म्हणायची,

"जाऊ द्या."